ऑनलाइन खुर्ची मागवण्याआधी गुडघ्याला टेप लावा

तुम्ही विचारलंय: "बजेट पाच हजार, घरून रोज आठ-नऊ तास काम, राहायला कोल्हापुरात. ऑफिसची खुर्ची ऑनलाइन घ्यावी का, आणि सुटे भाग येतात ते घरी जोडता येतील का?" घ्या, आणि जोडताही येईल. पण मागवण्याआधी स्वतःचं माप घ्या. मी ते घेतलं नव्हतं, म्हणून एवढं लिहितेय.

उद्यमनगरातल्या तीन-चार कारखान्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं मी घरी बसून करते. चार वर्षं डायनिंगच्या लाकडी खुर्चीवर उशी टाकून काढली. मार्चअखेरच्या गडबडीत कंबर अशी धरली की उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. तेव्हा साडेचार हजारांची, जाळीच्या पाठीची खुर्ची मागवली. फोटो बघितले, लोकांचे अभिप्राय वाचले, रंग निवडला. बैठकीची उंची मात्र वाचली नाही.

माझी उंची पाच फूट एक इंच. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत ३९ सेंटिमीटर भरतात. आलेली खुर्ची सगळ्यात खाली नेली तरी बैठक ४६ वर. पाय अधांतरी, बैठकीची कड मांडीखाली रुतायची आणि दुपारपर्यंत पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. पंधरा दिवस मला वाटत होतं की खुर्चीची सवय व्हायची आहे. शेवटी देवघरातला जुना पाट काढून पायाखाली घेतला आणि त्याच दिवशी फरक कळला. पाट अजून तिथेच आहे.

त्यामुळे आधी हे करा. एखाद्या साध्या खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत टेपने मोजा. खुर्चीच्या माहितीत बैठकीची कमीत कमी उंची दिलेली असते, ती या आकड्याच्या जवळ हवी. मग टेबल मोजा. आपल्याकडे टेबलं बहुतेक ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतात, आणि बुटक्या माणसाला ती उंच पडतात. खुर्ची खाली घेतली की खांदे वर चढतात, वर घेतली की पाय लोंबकळतात. अशा वेळी खुर्ची कोपराच्या हिशेबाने वर घ्यायची आणि पायाखाली पाट घ्यायचा, हाच बरा उपाय. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. हाताच्या दांड्या टेबलाखाली जातात का तेही बघा. नाही गेल्या तर तुम्ही दिवसभर पुढे वाकून बसाल आणि पाठीचा आधार नुसता नावाला राहील.

शक्य असेल तर एकदा राजारामपुरीतल्या एखाद्या फर्निचरच्या दुकानात जाऊन दहा मिनिटं बसून या. घेतलंच पाहिजे असं नाही, पण कोणती उंची अंगाला बरी वाटते ते कळतं.

रेक्झिनची खुर्ची आपल्या गावात घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. जून ते सप्टेंबर घरात जी ओल असते तिच्यात रेक्झिनवर बुरशीचे ठिपके येतात आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. जाळीची पाठ आणि कापडी बैठक बरी. फरशी शहाबादी किंवा टाइल्सची असेल तर कडक नायलॉनच्या चाकांपेक्षा रबरासारखा मऊ थर असलेली चाकं चांगली. कडक चाकं सरकतात फार आणि फरशीवर ओरखडेही पडतात.

खुर्ची खालीवर करणाऱ्या, दुकानदार जिला 'हायड्रॉलिक' म्हणतात त्या नळीत दाबाखाली नायट्रोजन वायू असतो. ती उघडायची नाही, तापवायची नाही, हातोडीने ठोकायचीही नाही. माहितीत 'क्लास ४', म्हणजे जास्त मजबूत प्रतीची नळी, असं लिहिलं असेल तर उत्तम. किती वजनापर्यंत चालते हा आकडा घरातल्या सगळ्यात जड माणसाच्या मानाने बघा, कारण खुर्चीवर फक्त तुम्हीच बसणार नाही. 'बिफ्मा' या शब्दावर लगेच विसंबू नका. ती अमेरिकेतली फर्निचर उत्पादकांची संघटना आहे. तिच्या मानकानुसार अख्खी खुर्ची तपासली आहे की फक्त नळी, हे विक्रेत्याला विचारा. आपल्याकडे कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे भारतीय मानक आहे, तो क्रमांक दिसला तर चांगलंच.

आता जोडणी. माझी दुसरी चूक इथलीच. बैठकीच्या खाली लोखंडी प्लेट चार बोल्टांनी बसते. मी पहिला बोल्ट एलन कीने, म्हणजे सहाकोनी टोकाच्या वाकड्या चावीने, पार आवळून टाकला, मग दुसरा, तिसरा. चौथ्याचं भोक जुळेना. जोर लावला तसा बोल्ट तिरका शिरला आणि आटे खराब झाले. सासरे संध्याकाळी घरी आले. आबांनी सगळी हयात लेथवर काढलेली. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, आवळायची घाई करायची न्हाई. चारी आधी हातानं धरीव, मग थोडं थोडं फिरवत आवळ." दुसऱ्या दिवशी ते बैठक स्कूटरवर घालून उद्यमनगरात घेऊन गेले, सहा एमएमचा टॅप मारून आटे साफ करून आणले आणि नवा बोल्ट दिला. तो आजवर हललेला नाही.

तेव्हा सगळे बोल्ट दोन-तीन आटे हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. प्लेटवर पुढची बाजू दाखवणारा बाण असतो. ती उलटी बसली तर खुर्ची पुढे कलते. चाकं लावताना पाच पायांचा सांगाडा जुन्या सतरंजीवर उलटा ठेवून प्रत्येक चाक टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. नळीला स्क्रू नसतो, ती निमुळती असते आणि वजनाने घट्ट बसते. एकदा बसली की सहज निघत नाही, म्हणून टोकाची प्लॅस्टिकची टोपी आधी काढा. टोपी राहिली तर खटका कितीही ओढला तरी खुर्ची खालीवर होत नाही. एकट्याने केलंत तर तासभर लागेल. बैठक नळीवर ठेवताना दुसऱ्या कुणाला तरी पकडायला सांगा.

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका. भाग कमी आले, विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे.

पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा, कारण वापरात ते सैल होतात. कुरकुर ऐकू आली तर बहुतेक तेच कारण असतं.

तुमची उंची, गुडघ्यापर्यंतचं माप आणि टेबलाची उंची लिहून कळवलीत, तर कोणत्या मापाची खुर्ची शोधायची ते मी सांगते.