जॅक डेव्हिस यांच्यासारखी कारकीर्द करायची तर आधी नट व्हावं की नाटककार?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही यवतमाळकडचे कोलाम, वय चौतीस, दोन एकांकिकांत कामं केलीत. ऑस्ट्रेलियातले आदिवासी नाटककार आणि नट जॅक डेव्हिस यांच्याबद्दल वाचलंत आणि वाटलं, आधी नट म्हणून नाव कमवावं, मग लिहावं. शेवटी एक ओळ टाकलीय: ‘कोलामी संवाद ठेवले तर प्रेक्षक तुटेल असं सगळे सांगतात.’ त्या ओळीसाठी लिहायला बसलोय. हे वाक्य मला अकरा वर्षांपूर्वी ऐकवलं गेलं, ते अजून गळ्याखाली उतरलेलं नाही.

आधी डेव्हिस यांचं सांगतो. हा माणूस नूंगार जमातीचा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. जन्म १९१७, पर्थ. बालपण यार्लूप या लाकूडकटाईच्या गावात गेलं. कोवळ्या वयात त्यांना शेतीकाम शिकवण्याच्या नावाखाली मूर रिव्हरच्या वसाहतीत पाठवलं. सरकारने मूळ रहिवाशांना एका जागी कोंडून ठेवायला काढलेली ती वसाहत. पुढे गुरांमागे फिरण्यापासून मिळेल ती अंगमेहनतीची कामं केली. नूंगार भाषा त्यांनी ब्रूकटनच्या वस्तीवर आपल्या लोकांत राहून शिकून घेतली. पहिला कवितासंग्रह १९७० मध्ये आला. १९७३ ते १९७९ मूळ रहिवाशांच्या ‘आयडेंटिटी’ मासिकाचं संपादन केलं. आणि ‘कुलार्क’ हे नाटक १९७९ मध्ये, म्हणजे साठी ओलांडल्यावर. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियात गोऱ्यांच्या वसाहतीला दीडशे वर्षं झाल्याचा सोहळा चालला होता. त्या सोहळ्यासमोर यांनी आपल्या बाजूचा इतिहास उभा केला. कुलार्क म्हणजे घर.

तेव्हा ‘आधी नट, मग लेखक’ हा क्रम त्यांचा नव्हता. आधी कवी, संपादक, चळवळीतला माणूस, मग नाटककार. आणि १९८२ मध्ये ‘द ड्रीमर्स’ आलं तेव्हा त्यातल्या वरू नावाच्या म्हाताऱ्याचं काम त्यांनी स्वतः केलं. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर माझ्याकडे एवढंच आहे. पण या वरूपाशीच मला थांबायचंय.

वरू एका घरात नातलगांबरोबर राहतो आणि हळूहळू मरणाकडे सरकतो. जसजसा तो सरकतो तसतशी त्याच्या तोंडची इंग्रजी कमी होत जाते, नूंगार वाढत जाते. हे मी नागपूरला शिकत असताना वसतिगृहात वाचलं. खोलीतल्या मित्राच्या अभ्यासक्रमात डेव्हिसचं ‘नो शुगर’ होतं, त्याच्या मागे लागून ‘द ड्रीमर्स’ची झेरॉक्स मिळवली. वाचलं आणि रात्रभर झोप आली नाही, कारण तो म्हातारा मी पाहिलेला होता.

मी गोंड, गडचिरोली जिल्ह्यातला. माझे आजोबा एका दवाखान्यात वारले. जन्मभर बाजारात, कचेरीत, फॉरेस्टवाल्यांशी मराठी बोललेला माणूस. शेवटच्या चार दिवसांत त्यांची मराठी गेली. नुसती गोंडी उरली. ‘येर, येर’ म्हणायचे. येर म्हणजे पाणी. मी तेव्हा बारावीत होतो, चहा आणायला खाली गेलो होतो. परत आलो तर ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि तिथली बाई मला म्हणाली, आजोबा केव्हाचे बडबडतायत. पाण्याचा तांब्या खाटेपासून दोन हातांवर होता. तिच्यावर माझा राग नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. पण गोंडांच्या जिल्ह्यात, गोंडांच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यात पाण्याला काय म्हणतात हे कोणालाच माहीत नसावं, याचा राग आहे आणि तो राहणार.

शिक्षण संपल्यावर मी वडशाच्या एका नाटक कंपनीत लागलो. आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टी तुम्हाला सांगायला नको: दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की गावोगाव रात्रभर नाटकं, पहाटे पडदा पडतो तेव्हा माणसं घोंगडीसकट उठून थेट कामाला जातात. मला कामं मिळाली, पण कसली? पानांचा घागरा, हातात भाला, तोंडाने हुर्रर. खरा गोंड मी, आणि मलाच आणखी काळं फासायला सांगायचे, म्हणे लाइटमध्ये उठून दिसत नाही. तीन हंगाम ते केलं. मग तालमीत एकदा म्हटलं, या माणसाला एखादं वाक्य तरी द्या. दिलं. ‘मालिक, मला मारू नका.’

म्हणून स्वतः लिहिलं. पाऊण तासाचं. दवाखान्याची खाट, म्हातारा, नातू, नर्स. म्हातारा सुरुवातीला मराठी बोलतो, शेवटी फक्त गोंडी. म्हाताऱ्याचं काम मी केलं, तिशीही गाठली नव्हती तेव्हा. आजोबांचा हात छातीवर कसा पडलेला असायचा, अंगठा आत मुडपून, तो मला ठाऊक होता. दुसऱ्याला शिकवायला जमलं नसतं.

एका स्पर्धेत ते केलं. निकालानंतर परीक्षकांनी सगळ्या संघांना बोलावलं. नाट्यशास्त्राचा मोठा अभ्यास असलेले गृहस्थ. मला म्हणाले, ‘अभिनय चांगला आहे, पण शेवटची बारा मिनिटं प्रेक्षक तुटतो. मराठी रंगमंचावर मराठी प्रेक्षकाला कळेल असं बोला. नाहीतर नर्सच्या तोंडी भाषांतर टाका.’ मी म्हटलं, सर, नर्सला कळत असतं तर म्हाताऱ्याला पाणी मिळालं असतं, मग नाटक कशाचं? ते हसले आणि पुढच्या संघाकडे वळले.

दोन महिन्यांनी तेच नाटक एका मंडईत केलं. मोठ्या नाटकाच्या आधी कंपनीने वेळ दिला होता. त्या गावात गोंडांची घरं थोडी, बाकी सगळे मराठी बोलणारे. शेवटच्या प्रवेशात मी हात लांबवून ‘येर’ म्हणतो, नर्स गोळ्यांचा कागद चाळत राहते. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने ओरडली, ‘अवो बाई, पानी मांगून रायला ना तो!’ मग सगळीकडून आवाज. एक पोट्टा स्टेजच्या कडेपर्यंत आला, हातात प्लास्टिकची बाटली. तांब्या नर्सच्या कोपराशी होता आणि तिने तो द्यायचा नाही असं संहितेत लिहिलेलं. ती बिचारी पोरगी रडायला लागली. मी तसाच पडून राहिलो, अंगठा आत मुडपून.

कुठे तुटला प्रेक्षक? गोंडी कळत नाही म्हणून त्या म्हातारीने सगळं लक्ष माझ्या हाताकडे, तांब्याकडे लावलं. भाषांतर टाकलं असतं तर तिने नुसतं ऐकलं असतं.

डेव्हिसना हे पक्कं कळलं होतं. ‘नो शुगर’ १९८५ चं. काळ १९३० च्या आसपासच्या महामंदीचा. नॉर्थमच्या वस्तीवरचं एक कुटुंब सरकार उचलून मूर रिव्हरला नेतं. शिध्यातला साबणही बंद करणारा नेव्हिल हा अधिकारी कल्पनेतला नाही. ए. ओ. नेव्हिल मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख होता, १९१५ पासून १९४० पर्यंत. पर्थच्या पहिल्या प्रयोगांत प्रेक्षकांना एका जागी बसू दिलं नव्हतं, प्रवेशामागून प्रवेशाकडे चालवत नेलं होतं. शेवटी तरुण जोडपं तान्हं मूल घेऊन वसाहत सोडतं आणि आजी नूंगार भाषेत गाते. नूंगार शब्दांचे अर्थ छापील पुस्तकात वेगळे दिलेत. स्टेजवर आजी गाते, बस. असं असूनही हे नाटक कॅनडात गेलं, लंडनला गेलं. आमच्या परीक्षकांच्या हिशोबाने ते पर्थबाहेर पडायलाच नको होतं.

१९८८ मध्ये, ऑस्ट्रेलिया आपली दोनशे वर्षं साजरी करत असताना, त्यांनी ‘बारुंगिन’ दिलं. त्याच्या शेवटी कोठडीत मेलेल्या मूळ रहिवाशांची नावं वाचली जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने लिहिलेलं नाटक आहे हे. तेव्हा चौतीस म्हणजे उशीर, हे डोक्यातून काढून टाका.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. एक, डेव्हिसच्या नाटकांत बहुतांश संवाद इंग्रजीच आहेत. नूंगार जिथे लागते तिथेच येते. तुम्ही संपूर्ण नाटक कोलामीत लिहिलंत तर त्याला मी दिलेला दाखला पुरा पडणार नाही, तो वेगळा प्रयोग होईल. दोन, त्यांच्यामागे अँड्र्यू रॉससारखा दिग्दर्शक होता, पर्थचा महोत्सव होता. आपल्याकडे तसं काही नाही. माझ्या नाटकाचे आजवर नऊ प्रयोग झाले. घर धानाच्या शेतीवर आणि हंगामात कंपनीच्या कामावर चालतं. घागरा मात्र त्यानंतर कधी नेसलो नाही, त्यापायी दोन कंपन्या सुटल्या.

नट व्हायचं की लेखक, याची चिंता आत्ता नको. जे पात्र तुमच्याशिवाय कोणाला करता येणार नाही ते लिहा आणि पहिले काही प्रयोग स्वतः करा. कुठे कोलामी ठेवायची ते तालमीत कळतं. ‘नो शुगर’आधी ‘द ड्रीमर्स’ वाचा, लहान आहे. कोणी भाषांतर टाका म्हणालं तर त्यांना एकदा नुसतं तालमीला बसवा, त्यांच्याशी वाद घालू नका. मी घातला आणि त्यात एक अख्खं वर्ष काही लिहिलं नाही.

संहिता झाली की मला पाठवा. कोलामी मला येत नाही, पण आमच्या कंपनीत पांढरकवड्याकडचा एक पोरगा पेटी वाजवतो, त्याच्या घरी बोलतात. त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेईन.