हरिपाठ पाठ झाला, पण वाचता येतो का?

प्रश्न : आमचं घर वारकरी. मुलगी सात वर्षांची, यंदा दुसरीत जाईल. तिला शाळेतून काढून हरिपाठ, श्लोक, स्तोत्रं यांच्या आधाराने घरीच शिकवायचा विचार आहे. दिवस कसा आखावा? कायद्याची अडचण येईल का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेखच त्यात नाही. म्हणून कागद चोख ठेवा. आत्ताच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला मागून घ्या आणि त्यावरची जन्मतारीख, नाव, जात तिथल्या तिथे तपासा. पुढे जातीच्या दाखल्यासाठी हाच कागद मागतात, आणि त्यातली चूक निस्तरायला फार हेलपाटे पडतात. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक घरी आले तर वाद घालू नका, तारखा टाकलेल्या वह्या पुढे ठेवा. पुढेमागे मुलीला शाळेत घालावंसं वाटलं, तर याच कायद्यानुसार तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

आता दिवस. या वयात बसून करायचा अभ्यास दोन-अडीच तास पुरे, तोही वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत. अकरा ते पाच अशी शाळाच घरात भरवणारे पालक लवकर थकतात. थकलेल्या आईचा आवाज चढतो आणि मूल पोथी दिसली की अंग चोरू लागतं. भक्तीसाठी घरी शिकवायचं ठरवलं असेल तर हे होऊ देऊ नका. सकाळी पूजेनंतर पाठांतर घ्या. आठवड्याला एकच अभंग, नवा भाग पहिल्या दोन दिवसांत, उरलेले दिवस उजळणी आणि अर्थ. या गतीने २७ अभंगांचा हरिपाठ सहा-सात महिन्यांत होतो. संध्याकाळी आजी-आजोबांबरोबर टाळ धरून म्हणायचा, तेव्हा चुका काढायच्या नाहीत.

सर्वांत जास्त फसगत होते ती वाचनात. मूल पुस्तक उघडून ओळीवर बोट फिरवत हरिपाठ खणखणीत म्हणतं आणि घरातले खूश होतात. तुम्ही बोटाकडे बघा. तोंड एका शब्दावर आणि बोट त्याच्या पुढच्या शब्दावर असेल, तर ती वाचत नाही, पाठ केलेलं म्हणते आहे. त्याच अभंगातले दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि एकेक वाचायला द्या. दहापैकी निदान सात-आठ शब्द वाचता आले नाहीत तर वाचन वेगळं शिकवायलाच हवं : आधी साधी अक्षरं, मग काना-मात्रा-वेलांट्या, शेवटी जोडाक्षरं. त्यासाठी बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं घ्या, संकेतस्थळावर मोफत मिळतात. पोथीतून वाचायला शिकलेलं मूल ‘जालें’, ‘तयाचें’ अशी जुनी रूपं स्वतःच्या लेखनात आणतं.

अभंगाचा उपयोग दुसरीकडे होतो. हरिपाठातला पहिला अभंग घ्या आणि चरणागणिक अक्षरांना टाळ्या वाजवायला सांगा : सहा, सहा, सहा, चार. जोडाक्षराला एकच टाळी. शब्दाची फोड इतकी पक्की करणारा दुसरा सोपा खेळ नाही.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, तीन वर्षं घरीच शिकतो. गीतेचा बारावा, पंधरावा अध्याय पाठ आहे, पण भागाकार आला की अडतो. दहावीचं काय करावं?
– एक वडील, अक्कलकोट रोड

उत्तर : दादा, त्याला ६३१२ भागिले ६ करायला द्या. उत्तर १५२ आलं तर मधलं शून्य गळतंय : तीनात सहा जात नाहीत म्हटल्यावर वर ० मांडायचं तो विसरतो. चौकटीची वही द्या, चौकटीत एकच अंक. शिवाय प्रत्येक उत्तर गुणून तपासायला लावा. १५२ गुणिले ६ हे ९१२ होतात, हे दिसलं की तो स्वतःच १०५२ वर येतो.

पाठांतरात तो तयार आहेच, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड पटीचे पाढे) हेही पाठ करून घ्या. मात्र सोबत तराजू हवा. किलोला १४० रुपये भावाने सव्वा किलो शेंगांचे किती? चौदा सवाया साडेसतरा, म्हणजे १७५. पंचांगही हाताशी असेल. सूर्य-चंद्रातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस, सौरवर्षाला सुमारे ११ कमी, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास. एकादशी कधी हे दिनदर्शिकेत बघण्याआधी त्याला काढू द्या.

परीक्षांचं असं : राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा १० वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, आठवीची १३ नंतर. ती द्याच, बाहेरच्या परीक्षकासमोर लिहिण्याची सवय लागते. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत १४ पूर्ण हवीत. तिथे मराठी माध्यम आहे, पाच विषय, उत्तीर्णतेला ३३ टक्के, आणि नोंदणी पाच वर्षं चालते. गणित सक्तीचं नाही, आणि अडचण तीच आहे. परीक्षा सोपी जावी म्हणून गणित-विज्ञान सोडले की अकरावी विज्ञानाची वाट बंद होते. वेदाध्ययनासारखा विषय जरूर घ्या, पण गणिताच्या जागी नको.

प्रश्न : आम्ही लिंगायत, घरी कन्नड बोलतो. वचनं शिकवायची आहेत. आधी कुठली लिपी?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : सोलापूरचे शिवशरण सिद्धरामेश्वर यांची वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडच आहेत, ती कानावरून, आजीच्या तोंडूनच येऊ द्या. लिपी आधी एकच, आणि सोलापुरात राहणाऱ्या मुलाला ती देवनागरी बरी. अनोळखी मराठी उतारा न अडखळता वाचता येऊ लागला की कन्नड लिपी सुरू करा. दोन्हींचा वर्णक्रम जवळपास एकच असल्याने नवी मुख्यतः आकृतीच शिकायची असते. दोन्ही एकदम सुरू केल्यास मूल अक्षरं मिसळतं.