छर्रा नळीत असतानाच पिस्तूल हलतं

प्रश्न : मुलीच्या (वय १५) सरावासाठी स्प्रिंगचं जुनं एअर पिस्तूल घेतलं. १० मीटरवरून छर्रे कार्डभर विखुरतात. जोर वाढेल म्हणून शिलाई मशीनचं तेल घातलं, तर आता फटाक्यासारखा आवाज होतो आणि धूर येतो. पिस्तूल बाद झालं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाद झालं नसावं, पण तेल आजपासून बंद. माझ्याकडेही असंच नळी खाली मोडून लोड करायचं पिस्तूल १४ वर्षं आहे. पहिल्याच पावसाळ्यात मी त्यात सहा थेंब तेल सोडलं. चाप ओढला आणि लवंगी फुटावी तसा आवाज झाला, पडवीत निळसर धूर. वाटलं, ताकद वाढली! खरं तर पिस्टन हवा इतक्या झपाट्याने दाबतो की ती तापते आणि तेलाची वाफ पेटते. पुढे कारागिराने पिस्टन काढून दाखवला, तेव्हा सिंथेटिक वॉशरची कड काळी पडून खरवडलेली होती. वास अजून आठवतो. चामड्याच्या वॉशरला थोडं तेल लागतं, पण तुमचा वॉशर कोणता हे उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि घरी उघडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंडावर येईल.

आता विखुरण्याचं. बंदुकीच्या दुकानात तुम्हाला नवी स्प्रिंग सुचवतील. मी आधी मुलीची पकड बघेन. चाप ओढला की जड पिस्टन पुढे धावतो, त्याने पिस्तूल मागे येतं. पिस्टन टोकाला पोचला की पुढे हिसका बसतो. या धक्क्यांत छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे मूठ जशी, तसा नेम. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीने १९६५मध्ये काढलेल्या मॉडेल ६५मध्ये याच धक्क्यासाठी वरचा भाग रुळावर मागे सरकायची सोय केली होती. आपल्या साध्या पिस्तुलात ते काम हातालाच करावं लागतं.

एका कार्डावर पाच छर्रे मूठ आवळून मारायला सांगा, दुसऱ्यावर पाच सैल पण दर वेळी तशाच मुठीने. माझ्या आवळलेल्या मुठीचे पाच दोन बोटं वर चढले होते आणि इकडेतिकडे होते. सैल मुठीचे पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात होते. चाप ओढल्यावर 'एक, दोन' म्हणेपर्यंत माशीवरून (नेम धरायला नळीच्या टोकाशी असते त्या खुणेवरून) नजर हलू द्यायची नाही. ही सवय लागायला मला दोन महिने लागले, पण लागली ती सुटली नाही.

तरीही पसरले तर नळीच्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवा. छर्रा सुटताना ती फडफडली तर तिथून हवा गळतेय, सील बदलून घ्या.

छर्रा न घालता चाप कधी ओढायचा नाही. समोर हवेची गादी नसली की पिस्टन थेट आदळतो. ताणून ठेवून चहाला जायचं नाही. आणि छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवीच, कारण स्प्रिंग अडवून धरणारा खटका निसटला तर नळी बोटांवर मिटते. हे तिला पहिल्या दिवशी शिकवा, चष्मा लावायला सांगा, कार्डामागे जाड लाकडी फळी ठेवा.

कार्डावरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचंच असतं. त्यामुळे सुरुवातीला गुण मोजू नका. पाच छर्रे किती जवळ आले तेवढंच बघा आणि कार्डामागे तारीख लिहून ठेवा.