आधी पायाखालची फरशी बघ

पत्र : मी २७ वर्षांची असून राजारामपुरीत चार वर्षांपासून समकालीन नृत्याचे वर्ग घेते. रोज तीन वर्ग होतात, ३४ मुले-मुली येतात. लग्नसराईत संगीताचे नाच बसवून देते. वडील तरुणपणी तालमीत होते. नाचावर घर चालत नाही, बी.एड. कर, असा त्यांचा रोजचा हेका असतो. बंगळुरूच्या वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी जूनमध्ये निवडचाचणी आहे आणि त्यासाठी मी पैसे साठवले आहेत. गेले तर वर्ग मोडेल, न गेले तर मी इथेच अडकेन. नव्या चकचकीत फरशीचा हॉलही मोठ्या मुश्किलीने भाड्याने मिळाला आहे. दोन महिने संध्याकाळी उजवा गुडघा सुजतो, पण बर्फ लावला की सकाळपर्यंत उतरतो. मावशी, मी काय करू? – एक नर्तिका, कोल्हापूर

प्रिय मुली,

तुझे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यातली साडेतीन पाने वडील आणि बंगळुरू यांच्यावर खर्ची पडली आहेत आणि गुडघ्याच्या वाट्याला एक वाक्य आले आहे. मी त्या वाक्यापाशी थांबले, मागे गेले आणि हॉलचे वर्णन पुन्हा वाचले. ‘चकचकीत फरशी’ हे शब्द तू कौतुकाने लिहिले आहेस. सिमेंटच्या स्लॅबवर बसवलेल्या त्या फरशीवर तू रोज तीन वर्ग अनवाणी उड्या मारून दाखवतेस, गुडघ्यांवर घसरत खाली येतेस, आणि रात्री बर्फाची पिशवी बांधून जूनची स्वप्ने पाहतेस. वडिलांची समजूत कशी काढावी, याविषयी मी आज लिहिणार नाही.

उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. खाली लाकूड असेल आणि त्याला पुरेशी लवचीकता असेल, तर ते किंचित दबून त्यातला काही भार स्वतः घेते; सिमेंट काहीच घेत नाही, म्हणून तो सगळा भार घोटा, नडगी आणि गुडघा यांना सोसावा लागतो. बर्फाने सूज उतरते, पण सूज ज्या कारणाने येते ते कारण तिथेच राहते. दोन महिने रोज भरून येणाऱ्या गुडघ्याला थकवा म्हणू नकोस. आत गादीला किंवा कूर्चेला इजा झाली आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञाने हात लावून, गरज पडल्यास एमआरआय करून सांगायचे असते.

आणि मला खरा राग आला आहे तो पुढच्या गोष्टीचा. त्याच फरशीवर ३४ मुलेही उड्या मारतात. साधारण दहा ते पंधरा या वाढीच्या वयात, गुडघ्याच्या वाटीखाली जिथे स्नायूची दोरी हाडाला जोडलेली असते, तो भाग कोवळा असतो आणि सततच्या उड्यांनी तिथे दुखरा उंचवटा येतो. तुझ्या वर्गातली एखादी मुलगी मधूनच खाली बसून गुडघ्याखाली अंगठा दाबत असेल, तर ती कामचुकारपणा करत आहे असे तुला वाटले असण्याची शक्यता आहे. पुढच्या वर्गात नीट बघ.

तू तालमीच्या गावात राहतेस, म्हणून मला हे अधिकच लागले. लाल मातीचा हौदा म्हणजे काय, हे तुझ्या वडिलांना विचार. ती माती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, आणि ती घट्ट बसू नये म्हणून मल्ल रोज फावड्याने उकरतात. त्या उकरण्याला व्यायामाचाच भाग मानतात. खासबागेचे मैदान आणि आजचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी एकमेकांना लागून उभारले. तिथे मल्लाला माती मिळाली आणि नटाला लाकडी रंगमंच मिळाला. फरशीवर कोणालाच उतरवले नाही.

बंगळुरूविषयी इतकेच सांगते, की भरलेला गुडघा घेऊन निवडचाचणी द्यायची नसते. डॉक्टरांनी नको म्हटले, तर हा जून जाऊ दे. समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी लहानपणी कथक शिकले, पुढे लंडनला जाऊन अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहम यांची आधुनिक नृत्याची पद्धत आत्मसात केली, त्यानंतर कथकलीही शिकले, आणि २००७ साली पद्मश्री मिळाली तेव्हा साठीला टेकलेले असूनही ते रंगमंचावर नाचत होते. त्यांच्या वाटचालीत एखादे वर्ष इकडचे तिकडे झाले असते, तरी काही बिघडले नसते. तू तर अजून २७ वर्षांची आहेस.

तेव्हा येत्या सोमवारपासून त्या हॉलमध्ये एकही उडी होणार नाही. तुझीही नाही आणि मुलांचीही नाही. याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे. वर्ग बंद करू नकोस. ग्रॅहम पद्धतीचा वर्ग तर जमिनीवर बसूनच सुरू होतो. श्वास सोडताना पोट आत ओढून पाठ मागे गोल करायची आणि श्वास घेताना ती मोकळी करायची, एवढ्यावर महिनाभराचे पाठ निघतील आणि मुलांच्या पाठी सुधारतील.

साठवलेल्या पैशांतून आधी त्या फरशीवर तक्तपोशी, म्हणजे लाकडी जमीन, कर. खाली रबराचे तुकडे, त्यांवर लाकडी पट्ट्या, वर सांधे चुकवून स्क्रूने बसवलेले प्लायवुडचे दोन थर, आणि सर्वांत वर नाचासाठीचे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचे पातळ आच्छादन, अशी ती रचना असते. हॉल वीस बाय चोवीस फुटांचा धरला, तर आठ बाय चारची पंधरा प्लाय एका थराला लागतात, म्हणजे एकूण तीस. हॉल भाड्याचा असल्याने ती तुकड्यांत करून घे. जागा सोडलीस, तरी स्क्रू काढून सोबत नेता येईल. टिंबर मार्केटमध्ये हे काम समजणारे सुतार मिळतील. फरशीवर नुसते व्हिनाइल किंवा फोमची गादी अंथरून भागवू नकोस, कारण पातळ व्हिनाइलने सिमेंट मऊ होत नाही आणि जाड फोमवर गिरकी घेताना पाऊल रुतून गुडघा पिळतो.

या रविवारी वडिलांना हॉलवर ने. बी.एड.चा विषय काढू नकोस, फीचा हिशेबही मांडू नकोस. चपला काढून त्यांना त्या फरशीवर उभे कर आणि विचार, की इथे तुम्ही एखाद्या पोराला पाठीवर पडू दिले असते का. डॉक्टरांकडे जातानाही त्यांनाच सोबत घे. तालमीत वाढलेल्या माणसाने दुखावलेले गुडघे पुष्कळ पाहिलेले असतात. आणि सोमवारचा वर्ग खुर्चीत बसून घे, उजवा पाय समोरच्या स्टुलावर ठेवून.

तुझी,
मावशी