प्लास्टिक पिशवीची 120 मायक्रॉन जाडी म्हणजे किती मिलिमीटर?

120 मायक्रॉन म्हणजे 0.12 मिमी, कारण 1 मिलिमीटरमध्ये 1000 मायक्रॉन असतात, म्हणून 1000 ने भागायचं की झालं. मी टूलरूममध्ये रोज मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं उपकरण) वापरतो, त्याच्या थिंबलवरची, म्हणजे फिरवायच्या भागावरची एक रेघ 0.01 मिमीची असते म्हणजे 10 मायक्रॉन, तर तुमच्या पिशवीची एक शीट धरली की शून्यापासून बरोबर बारावी रेघ यायला हवी. पण शीट एकच धरा हं, पिशवी तशीच चिमटीत पकडली तर दोन थर येतात आणि 0.24 दिसतं, प्लास्टिक कॅरीबॅगसाठी केंद्र सरकारच्या नियमातले किमान 120 मायक्रॉन (31 डिसेंबर 2022 पासून) हे एका थराचे आहेत.

लक्षात ठेवायला:
- मीटर, मिलिमीटर, मायक्रॉन, नॅनोमीटर, दर पायरीला 1000 पट
- घोळ फक्त सेंटीमीटरला होतो, तिथे 1 सेमी = 10,000 मायक्रॉन

आणि दुकानदार "गेज" (जाडीचंच दुसरं माप) म्हणाला तर तो आकडा मायक्रॉन समजू नका, 100 गेज म्हणजे साधारण 25 मायक्रॉनच, त्या हिशोबाने 120 मायक्रॉनला जवळपास 480 गेजची पिशवी लागेल.