बुडबुडे विरतात, पण दोष रेझोल्यूशनचा नाही

संगणकावरच्या पाण्याच्या सिम्युलेशनमध्ये टाकीच्या तळाशी सोडलेले बुडबुडे एका-दोन फ्रेममध्येच नाहीसे होतात, म्हणून वेगळे गोल बसवून पाहिले तर ते रेंडरमध्ये (अंतिम चित्रात) काळ्या मण्यांसारखे दिसतात, ही तुमची तक्रार वाचली. सॉफ्टवेअरच्या मदत कक्षाने तुम्हाला रेझोल्यूशन दुप्पट करायला सांगितले आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. नेमका हाच सल्ला मला एका उत्पादकाच्या मदत कक्षाने दिला होता आणि त्यापायी हातातल्या कामाची मुदत टळली. कोणता उत्पादक, ते सांगत नाही. ग्रिड (जागेची छोटी घरे; ती जितकी बारीक, तितके रेझोल्यूशन जास्त), कालपावले (वेळेचे छोटे टप्पे) आणि मेश (पृष्ठभागाची जाळी) काढण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे असे धरून चालतो.

आधी तुमच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे प्रवाहाचे गणित करणाऱ्या भागात, हवा आहे की नाही, ते पाहा. चित्रपट आणि जाहिरातींसाठी वापरले जाणारे बहुतेक फ्लिप (कण आणि ग्रिड दोन्ही वापरणारे) सॉल्व्हर फक्त द्रवाचे गणित करतात. हवेची जागा त्यांच्या लेखी रिकामी असते आणि पृष्ठभागावरचा दाब शून्य धरलेला असतो. लाटा आणि शिंतोडे यांच्यासाठी हे चालून जाते, कारण हवेची घनता पाण्याच्या सुमारे एक-अष्टशतांश आहे. मात्र पाण्याने चहूबाजूंनी वेढलेल्या पोकळीला आतून रेटून धरणारे काहीच उरत नाही आणि पाणी ती भरून टाकते. अशी रिकामी गोल पोकळी किती वेळात मिटते, याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्येच मांडले आहे: पाण्याच्या घनतेला त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाने भागून वर्गमूळ काढायचे, त्याला त्रिज्येने आणि ०.९१५ ने गुणायचे. एक मीटर खोलीवरच्या एक सेंटिमीटर त्रिज्येच्या पोकळीसाठी हा काळ जेमतेम ३ मिलिसेकंद येतो, आणि सेकंदाला २४ फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची असते. या सूत्रात ग्रिडच्या घराचा आकार कुठेही येत नाही, हे लक्षात घ्या.

मदत कक्षाला मी हे सगळे चाचणीच्या फाइलसह लिहून पाठवले होते. उत्तरात तोच साचेबंद परिच्छेद पुन्हा आला. त्यानंतर माझ्या संगणकाची मेमरी अपुरी असावी, अशी शंका व्यक्त झाली आणि शेवटी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून तक्रार बंद करण्यात आली. रेझोल्यूशन दुप्पट केले की तिन्ही दिशांनी मिळून घरे आठपट होतात, कालपाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम साधारण सोळापट वाढते. इतका खर्च ग्राहकाच्या माथी मारण्यापूर्वी आपल्या सॉल्व्हरमध्ये हवेचे गणित होते की नाही, एवढे तरी त्यांनी पाहायला हवे होते. आपल्या उत्पादनात अमुक गोष्ट नाही, हे एका ओळीत सांगितले असते तरी माझी तक्रार उरली नसती.

तुम्ही कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता एक चाचणी करा. एकच मोठा बुडबुडा, तीच खोली, दोन वेगवेगळी रेझोल्यूशन, आणि प्रत्येक उपपाऊल (फ्रेममधला छोटा टप्पा) साठवून ठेवा. दोन्हीकडे तो जवळपास सारख्याच वेळात मिटला, तर सॉल्व्हरमध्ये हवा नाही. बारीक ग्रिडवर तो ठळकपणे जास्त टिकला, तर पृष्ठभाग वाहून नेताना होणारी आकारमानाची गळती हे कारण आहे, आणि अशा वेळी मात्र रेझोल्यूशन वाढवण्याचा उपयोग होतो.

हवा नसल्याचे ठरले, तर पाणी आणि हवा या दोहोंचे गणित करणारा सॉल्व्हर घ्यावा, असे बहुतेक जण सांगतील. माझे मत वेगळे आहे. घनतेच्या एवढ्या तफावतीमुळे दाबाचे समीकरण सुटायला फार वेळ घेते, आणि पृष्ठताण जोडला की एक मिलिमीटरच्या घरासाठी कालपाऊल एक मिलिसेकंदाच्या आसपास उतरते. त्यामुळे अगदी जवळून दिसणारे, आकार बदलत वर जाणारे मोठे बुडबुडे नसतील, तर त्या वाटेला जाऊ नये. गोल्डेड, आंजनेय आणि बॅटी या संगणक-ग्राफिक्सच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली रीत मला अधिक पटते: द्रवाने वेढलेल्या प्रत्येक हवेच्या कप्प्याला दाबाची एकच अज्ञात राशी द्यायची आणि त्याच्या सीमेवरून आत-बाहेर होणारा एकूण प्रवाह शून्य ठेवायचा. हवेचा वेग न काढताही बुडबुड्याचे आकारमान त्यामुळे टिकते. दोन-तीन घरांहून लहान बुडबुडे ग्रिडवर ठेवूच नयेत. इम्सेन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या पद्धतीप्रमाणे ते नंतर कण म्हणून सोडावेत आणि त्यांना उत्प्लावकता व ओढ (पाण्याचा विरोध) द्यावी.

आता काळ्या मण्यांविषयी. वेगळ्या बसवलेल्या गोलांना तुम्ही १.३३ हा पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) दिलेला दिसतो. त्यांचे नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) बाहेर रोखलेले असतील, तर पाण्याच्या तुलनेत हवेचा अपवर्तनांक ०.७५ द्यावा लागतो, अन्यथा बुडबुडा भरीव काचेसारखा वागतो. हे नीट जमल्याची खूण अशी की समोरून पाहता त्रिज्येच्या तीन-चतुर्थांशापलीकडचे कडे पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे रुपेरी दिसते. काळेपणा तरीही राहिला, तर किरणांच्या उसळ्यांची मर्यादा, म्हणजे एका किरणाला किती सीमा ओलांडता येतात ते, तपासा: काचेच्या टाकीतून आरपार जाताना चार सीमा आणि प्रत्येक बुडबुड्यामागे आणखी दोन, म्हणजे एका रेषेत पाच बुडबुडे आले की मर्यादा १२ असेल तर ती ओलांडली जाते. शिवाय साबणाच्या फुग्यावरचे इंद्रधनुषी रंग पाण्यातल्या बुडबुड्याला देऊ नका. ते हवेत तरंगणाऱ्या पातळ पापुद्र्याचे असतात.

मोशन ब्लर (गतीमुळे येणारा धूसरपणा) हवा असेल, तर मेशसोबत प्रत्येक बिंदूचा वेगही साठवा. बुडबुडे फुटतात आणि जुळतात तेव्हा दोन फ्रेममधल्या मेशचे बिंदू एकमेकांशी जुळत नाहीत. पर्यायांची नावे आवृत्तीनुसार बदलतात, तेव्हा तुमच्या आवृत्तीची पुस्तिका पाहूनच बदल करा.