दोन भाषांतली कथा कशी वाचायची?

प्रश्न: परदेशात राहणाऱ्या इंग्लिश लेखकांच्या कथांचा द्विभाषिक संग्रह घेतलाय, डावीकडे इंग्लिश, उजवीकडे तिथली भाषा. दोन्ही पानं सोबतच वाचायची का?

उत्तर: नको हो, ओळीओळीला डावं-उजवं केलंत तर कथेचा जीवच जातो. आधी अख्खी कथा एका भाषेत वाचा, मग दुसरीत. ही समोरासमोरची छपाई जुनीच, १९११ मध्ये सुरू झालेली लोएब क्लासिकल लायब्ररी ही पुस्तकमाला ग्रीक-लॅटिनसमोर इंग्लिश असंच छापते. आणि मूळ कुठलं ते तपासा, कारण इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्या लेखिका झुंपा लाहिरी २०१२ मध्ये रोमला गेल्या आणि पुढे थेट इटालियनमध्येच लिहायला लागल्या. अनुवादकाचं नावही बघा, कव्हरवर नसलं की मला फार वाईट वाटतं, निम्मं पुस्तक त्यांचंच असतं.